विठ्ठल रामजी शिंदे आणि ऑक्सफर्डचे मँचेस्टर कॉलेज : एका धर्मप्रचारकाची घडण

१

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील जे पदवीधर तरुण विलायतेला जात, त्यांच्यापुढे सामान्यतः दोन उद्दिष्टे असत : एक सनदी नोकरीची परीक्षा, दुसरे बॅरिस्टरीची सनद. १९०१ साली मुंबई प्रार्थना समाजाच्या वतीने ऑक्सफर्डला गेलेला एक अठ्ठावीस वर्षांचा मराठा तरुण या दोहोंपैकी कशासाठीही गेला नव्हता. धर्मोपदेशकाच्या वृत्तीचे शिक्षण घेण्यासाठी तो गेला होता. त्यासाठी त्याने पत्करलेली संस्था ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणारी होती, आणि तरीही ख्रिस्ती होण्याचा विचार त्याच्या मनात नव्हता. हा तरुण म्हणजे पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले विठ्ठल रामजी शिंदे होत.

शिंदे यांचे नाव आज मुख्यत्वे अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याशी निगडित आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या कार्याची साधने, त्याची भाषा आणि त्यामागील धर्मकल्पना यांचा उगम शोधू गेल्यास ऑक्सफर्डमधील दोन वर्षांकडे वळावे लागते. एका अभारतीय, ख्रिस्ती परंपरेतील विद्यालयात भारतीय एकेश्वरी पंथाचा प्रचारक कसा घडू शकला, त्याने तेथून काय घेतले, आणि जे घेतले ते आपल्या लोकांत रुजविताना त्याला कोणत्या अडचणी आल्या, हा प्रश्न केवळ एका व्यक्तीच्या चरित्रापुरता मर्यादित नाही. बंगाल, महाराष्ट्र आणि दक्षिण भारत येथील आधुनिक धर्मविचाराच्या आणि त्यातून निर्माण झालेल्या गद्य वाङ्मयाच्या इतिहासाशीही त्याचा संबंध आहे.

२

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे पटवर्धन घराण्याचे संस्थान. आज ते कर्नाटकात आहे. दरबारची भाषा मराठी, बाजाराची आणि शेतशिवाराची कानडी, अशा द्विभाषिक वातावरणात त्यांचे बालपण गेले. पुढे कानडी-मराठी संबंधांविषयी त्यांनी जे भाषाशास्त्रीय लेखन केले, त्याची बीजे या बालपणात होती. वडील रामजी हे वारकरी होते. पंढरपूरच्या विठ्ठलाची उपासना करणाऱ्या आणि ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या अभंगांवर पोसलेल्या या संप्रदायात भजन, कीर्तन आणि वारी यांना जे स्थान आहे, ते शास्त्राध्ययनाला नाही. घरात मुलाचे नाव विठ्ठल ठेवले गेले, यातच त्या घराची निष्ठा स्पष्ट होते. घरात जातिभेदाचा कडवेपणा फारसा नव्हता. दारिद्र्य मात्र हळूहळू वाढत गेले.

१८९१ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही पैशाअभावी त्यांना लगेच महाविद्यालयात जाता आले नाही. काही काळ शिक्षकाची नोकरी केल्यानंतर १८९३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. मराठा विद्यार्थ्यांना साहाय्य करणाऱ्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनचा आणि नंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा त्यांना आधार मिळाला. शिक्षण पुरे झाल्यावर बडोदे सरकारची नोकरी करावी, अशी या दुसऱ्या साहाय्यामागील अपेक्षा होती. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले आणि कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईस आले. गरीब कुटुंबातील हुशार मुलाने वकील व्हावे, किंवा संस्थानी अधिकारी व्हावे, आणि घराला वर काढावे, हा त्या काळचा सरळ मार्ग होता. वृद्ध आईवडील, पत्नी आणि सासरच्या छळामुळे परत आलेली बहीण जनाबाई, या सर्वांची दृष्टी त्या मार्गाकडेच लागलेली असणे स्वाभाविक होते.

मधल्या काळात मात्र त्यांच्या मनात मोठे स्थित्यंतर घडून आले होते. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने लहानपणीच्या श्रद्धेची चौकट ढिली झाली. परंतु त्या वाचनाने तिच्या जागी दुसरे काही दिले नाही. घरच्या भक्तिसंस्कारांमुळे कोरडा अज्ञेयवाद त्यांना मानवणारा नव्हता. अशा अवस्थेत त्यांचा प्रार्थना समाजाशी परिचय झाला. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत स्थापन झालेला हा समाज बंगालच्या ब्राह्म समाजाशी विचाराने जवळचा, पण वृत्तीने अधिक सौम्य होता. मूर्तिपूजा आणि जातिभेद त्याला मान्य नव्हते. परंतु सभासदांनी हिंदू समाजाशी असलेले आपले नाते तोडावे, असा आग्रह तो धरीत नसे. उपासनेत त्याने तुकारामादी संतांच्या अभंगांना स्थान दिले होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि नारायण गणेश चंदावरकर यांच्यासारखे विद्वान त्याच्या व्यासपीठावरून प्रवचने करीत. बुद्धीला पटणारा आणि तरीही भक्तीला जागा देणारा धर्म येथे शिंदे यांना मिळाला. त्यांनी समाजाची दीक्षा घेतली आणि कायद्याचा अभ्यास मागे पडला.

३

धर्मप्रचार हेच आयुष्याचे कार्य करावयाचे, असे ठरले तरी त्यासाठी तयारी कोठे करावयाची, हा प्रश्न उरतच होता. प्रार्थना समाजाजवळ त्याचे उत्तर नव्हते. त्याचे बहुतेक प्रवचनकार न्यायाधीश, प्राध्यापक, वकील किंवा सरकारी अधिकारी होते. आठवडाभर आपापला व्यवसाय करून ते रविवारी उपासना चालवीत. त्यांची विद्वत्ता मोठी होती, पण ते पूर्णवेळ धर्मोपदेशक नव्हते, आणि तसे उपदेशक तयार करणारी शाळा त्यांनी काढली नव्हती. १९०१च्या जानेवारीत रानडे यांचे निधन झाले. पहिल्या पिढीनंतर समाजाचे कार्य कोण चालविणार, ही चिंता त्यामुळे अधिकच तीव्र झाली.

परंपरेतही याचे सरळ उत्तर सापडत नव्हते. पाठशाळेतील शास्त्राध्ययन ब्राह्मणेतराला खुले नव्हते, आणि प्रार्थना समाजाच्या मतांना ते अनुकूलही नव्हते. वारकरी फडावर कीर्तनकार तयार होत. परंतु आधुनिक चिकित्सेने उठविलेल्या शंकांना तोंड देण्याची तयारी तेथे होण्यासारखी नव्हती. कलकत्त्यात शिवनाथ शास्त्री यांनी १८९२ मध्ये साधनाश्रम स्थापन केला होता. ब्राह्म प्रचारकांना त्यागाची आणि साधनेची दीक्षा देणारी ती संस्था होती. विविध धर्मांच्या ऐतिहासिक अभ्यासाचे विद्यालय असे तिचे स्वरूप नव्हते. मुंबईतील मिशनरी कॉलेजे उत्तम इंग्रजी शिक्षण देत, परंतु त्यांचा धार्मिक हेतू उघड होता. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या शिक्षणाचा पुरा लाभ घ्यावा, अशी सोय तेथे नव्हती. पंडिता रमाबाईंचे इंग्लंडमधील वास्तव्य लोकांच्या स्मरणात ताजे होते. १८८३ मध्ये तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि महाराष्ट्रात त्यावर मोठे वादळ उठले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यामुळे ख्रिस्ती संस्थेत धर्माचे शिक्षण घेणे म्हणजे धर्मांतराची पहिली पायरी, असा समज पुण्या-मुंबईत दृढ झाला असल्यास नवल नाही.

या पेचातून वाट दाखविली ती युनिटेरियन पंथाने. ईश्वराचे त्रैक्य आणि येशूचे ईश्वरत्व न मानणारा हा ख्रिस्ती संप्रदाय भारतीय एकेश्वरवाद्यांच्या दीर्घ परिचयाचा होता. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचे संकलन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा संबंध जुळला. १८३३ मध्ये राममोहन ब्रिस्टल येथे निवर्तले, तेव्हा तेथील युनिटेरियन धर्मोपदेशक लँट कार्पेंटर यांनी त्यांच्याविषयी स्मृतिप्रवचन केले. त्यांची कन्या मेरी कार्पेंटर यांनी १८६६ मध्ये भारताचा प्रवास करून स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नाला चालना दिली. मद्रासेत विल्यम रॉबर्ट्स यांचे आणि खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंग यांचे युनिटेरियन मंडळ होते. परंतु ती दोन्ही येथील माणसांनीच उभारलेली होती. ब्रिटिश युनिटेरियनांचा भर धर्मांतरापेक्षा समानधर्मी मंडळांशी सख्य जोडण्यावर अधिक होता. १८९५-९६ मध्ये अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक जे. टी. संडरलंड भारतात आले. भारतीय ब्राह्म तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देण्याची योजना त्यांच्या या भेटीतून निघाली. बंगालचे प्रमथलाल सेन या योजनेखाली आधी जाऊन आले होते. १९०१ मध्ये शिंदे यांची निवड झाली. परतल्यावर त्यांनी समाजाचे प्रचारक म्हणून काम करावे, अशी अपेक्षा होती.

या निवडीत त्याग होता, तसा धोकाही होता. वकिलीची आशा सोडावयाची, कुटुंबाला दोन वर्षे मागे ठेवावयाचे, आणि परत आल्यावर अल्प वेतनावर, लहानशा आणि अनेकांच्या उपहासाचा विषय झालेल्या समाजाची सेवा करावयाची. शिवाय बडोद्याच्या साहाय्याचे नैतिक ऋण होतेच. सयाजीरावांनी येथे मोठी उदारता दाखविली. नोकरीचा हट्ट न धरता त्यांनी शिंदे यांच्या जाण्याला अनुकूलता दिली आणि प्रवासखर्चालाही मदत केली. २१ सप्टेंबर १९०१ रोजी शिंदे यांनी मुंबई सोडली.

४

मँचेस्टर कॉलेजचा इतिहास लक्षात घेतल्याशिवाय या निवडीचे मर्म ध्यानात येणार नाही. इंग्लंडमध्ये प्रस्थापित चर्चची मते मान्य असल्याची सही केल्याशिवाय ऑक्सफर्डमध्ये प्रवेश मिळत नसे, आणि केंब्रिजमध्ये पदवी मिळत नसे. त्या चर्चबाहेरच्या पंथांनी म्हणून स्वतःची विद्यालये काढली. त्यांपैकी एक १७८६ मध्ये मँचेस्टर येथे स्थापन झाले. १८०३ मध्ये ते यॉर्कला गेले, १८४० मध्ये पुन्हा मँचेस्टरला आले, १८५३ मध्ये लंडनला हलले आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये स्थिरावले. १८७१च्या कायद्याने विद्यापीठातील धार्मिक निर्बंध बहुतांशी दूर झाल्यानंतरच हे शक्य झाले. तेथील नवी इमारत १८९३ मध्ये खुली झाली आणि ती सत्य, स्वातंत्र्य व धर्म या तीन मूल्यांना अर्पण करण्यात आली. विद्यार्थ्याकडून विशिष्ट मताची कबुली घ्यावयाची नाही, हे या संस्थेचे आद्य तत्त्व होते. शिंदे यांच्या काळी ती विद्यापीठाची घटक संस्था नव्हती. तो दर्जा तिला १९९६ मध्ये हॅरिस मँचेस्टर कॉलेज या नावाने मिळाला. त्यामुळे तेथील अभ्यासाअंती ऑक्सफर्डची पदवी मिळण्यासारखी नव्हती. सांसारिक दृष्टीने ही उणीव होती. तथापि परीक्षेचे जोखड नसल्याने आवडीचे विषय निवडून घेण्याची मोकळीक शिंदे यांना लाभली.

जेम्स ड्रमंड हे तेव्हा प्राचार्य होते. नव्या कराराच्या चिकित्सक अभ्यासाबद्दल त्यांची ख्याती होती. चार्ल्स अप्टन यांच्याकडे तत्त्वज्ञान आणि एडविन ऑजर्स यांच्याकडे चर्चचा इतिहास हे विषय होते. शिंदे यांच्यावर सर्वाधिक प्रभाव पडला तो जोसेफ एस्टलिन कार्पेंटर यांचा. ते मेरी कार्पेंटर यांचे पुतणे; त्यामुळे भारताविषयीची आस्था त्यांना घरातूनच मिळाली होती. ऱ्हीस डेव्हिड्स यांच्यासह दीघनिकायाच्या संपादनाचे काम ते करीत होते, आणि त्याचा दुसरा खंड १९०३ मध्ये, म्हणजे शिंदे ऑक्सफर्डमध्ये असतानाच, प्रसिद्ध झाला. तौलनिक धर्म, पाली व बौद्ध धर्म, चर्चचा इतिहास आणि समाजशास्त्र हे शिंदे यांच्या अभ्यासाचे प्रमुख विषय होते. भारतात जन्मलेल्या बौद्ध धर्माची ओळख एका भारतीयाला इंग्लंडमधील ख्रिस्ती अध्यापकाकडून व्हावी, यात एक विसंगती आहे खरी. परंतु बौद्ध वाङ्मय महाराष्ट्रातून किती काळ लुप्त झाले होते, हे पाहता ती अटळ होती.

या अध्यापनपद्धतीचे वैशिष्ट्य असे की, बायबललाही ती इतर ग्रंथांप्रमाणे इतिहासाच्या कसोटीला लावीत असे. कोणता भाग केव्हा रचला गेला, त्यावर कोणत्या काळाचे संस्कार आहेत, मूळ शिकवणीवर पुढे कोणती पुटे चढली, याचा विचार केल्यानंतरही श्रद्धेला जागा उरते, अशी या अध्यापकांची धारणा होती. शिंदे यांच्या दृष्टीने हा धडा मोलाचा होता. फर्ग्युसन कॉलेजात असताना चिकित्सा आणि श्रद्धा या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे त्यांना वाटले होते. येथे चिकित्सा करणारी माणसेच सकाळी कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात उपासनेला बसत. पुढे भागवत धर्माच्या विकासाविषयी लिहिताना, तसेच अस्पृश्यतेचा उगम शोधताना, त्यांनी हीच ऐतिहासिक पद्धत भारतीय सामग्रीला लावली.

५

कॉलेजबाहेरचे शिक्षणही तितकेच महत्त्वाचे ठरले. सुट्यांमध्ये शिंदे यांनी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये प्रवास केला, युनिटेरियन मंडळांना भेटी दिल्या आणि भारतातील धर्मसुधारणेविषयी व्याख्याने दिली. लंडनमधील गरीब वस्त्यांत चाललेली सेवाकार्ये त्यांनी पाहिली. बोस्टनच्या जोसेफ टकरमन यांच्या प्रेरणेने १८३०च्या दशकात इंग्लंडच्या मोठ्या शहरांत युनिटेरियनांनी गृह-मिशने सुरू केली होती. परदेशातील लोकांचे धर्मांतर करण्याऐवजी आपल्याच शहरातील दरिद्री आणि उपेक्षित लोकांत जाऊन राहावे, शाळा काढाव्यात, आजाऱ्यांची विचारपूस करावी, हे त्यांचे कार्य. मिशन या शब्दाचा महाराष्ट्रात रूढ झालेला अर्थ परक्यांनी येथे येऊन धर्म बदलविणे असा होता. आपल्याच समाजातील तळाच्या माणसाकडे जाणे, हा त्याचा दुसरा अर्थ शिंदे यांना इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. साम्राज्याच्या राजधानीतही दैन्य आणि व्यसन आहे, हे त्यांनी पाहिले. त्यामुळे पाश्चात्त्य जीवनाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आदराची असली तरी भाबडी राहिली नाही.

याच काळात त्यांनी मराठीत केलेले लेखन वाङ्मयदृष्ट्या लक्षणीय आहे. प्रार्थना समाजाच्या सुबोध पत्रिकेसाठी त्यांनी विलायतेहून पत्रे पाठविली, आणि खाजगी रोजनिशीही लिहिली. ही रोजनिशी गो. मा. पवार यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये प्रकाशित झाली. निसर्गवर्णन, माणसांचे बारकाईने केलेले निरीक्षण आणि आत्मपरीक्षण यांचा या लेखनात झालेला मेळ तत्कालीन मराठी प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाही. आत्मपरीक्षणाची ही सवय काहीशी वारकरी संतांच्या अभंगांतून आलेली, तर काहीशी प्रार्थना समाजाच्या उपासनेने आणि पाश्चात्त्य रोजनिशीच्या प्रथेने पोसलेली असावी. या प्रवाहांपैकी कोणत्याही एकाला त्याचे सारे श्रेय देता येणार नाही.

सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे उदारमतवादी धर्मविचारकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यात शिंदे यांनी भारतातील उदार धर्म या विषयावर निबंध वाचला. विद्यार्थी म्हणून गेलेला तरुण परतताना आपल्या देशातील धर्मविचाराचा प्रतिनिधी म्हणून बोलत होता. ऑक्टोबर १९०३ मध्ये ते मुंबईस परत आले. दोन वर्षे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अध्यापकांच्या निकट सहवासात राहूनही त्यांनी धर्मांतर केले नाही, आणि तशी अपेक्षाही त्यांच्याकडून कोणी केली नाही. कॉलेजच्या आद्य तत्त्वाची ही एक कसोटीच होती आणि तीत ते उतरले.

६

परतल्यानंतर शिंदे मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. इंग्लंडमधील अनुभवाच्या खुणा त्यांच्या पहिल्या उपक्रमांतच दिसतात. टपालाने उदार धर्मविषयक साहित्य पाठविणारे पोस्टल मिशन, तरुण एकेश्वरवाद्यांचा संघ, धर्मग्रंथांच्या वाचनाचा वर्ग यांच्या मुळाशी तेथे पाहिलेले नमुने होते. देशभरच्या ब्राह्म आणि प्रार्थना समाजांना भेटी देऊन त्यांनी त्यांची माहिती गोळा केली. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्रजी थीइस्टिक डिरेक्टरी ही या परिश्रमाची फलश्रुती होय. बंगाल, मद्रास, आंध्र, गुजरात, पंजाब येथील विखुरलेल्या मंडळांचे एकत्र चित्र त्यात मिळते, आणि म्हणून आधुनिक भारतीय धर्मसुधारणेच्या अभ्यासकाला ते संदर्भसाधन म्हणून उपयोगी आहे.

परंतु या काळातील निर्णायक घटना वेगळी होती. १९०३च्या अखेरीस सयाजीरावांच्या इच्छेनुसार त्यांनी बडोद्यातील अंत्यजांच्या शाळांची पाहणी केली. १९०५ मध्ये अहमदनगरजवळील भिंगार येथे अस्पृश्य मंडळींच्या रात्रीच्या सभेला ते गेले, आणि तेथील लोकांची तळमळ पाहून या कार्याला वाहून घेण्याचा त्यांचा संकल्प पक्का झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन, म्हणजे भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, ही संस्था स्थापन झाली. चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. परळ येथे पहिली शाळा निघाली. जनाबाईंसह शिंदे यांच्या घरची माणसे या कामात उतरली. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण, आजाऱ्यांची शुश्रूषा, भजनमंडळे अशी तिची अंगे होती. उपेक्षितांच्या वस्तीतच कार्यकर्त्याने राहावे, या आग्रहात लंडनच्या गृह-मिशनांची आठवण स्पष्ट दिसते. तथापि भजनाचे स्थान, आणि सेवेला उपासनेचाच भाग मानण्याची वृत्ती, ही जमखंडीच्या घरातून आलेली होती.

ऑक्सफर्डच्या शिक्षणातून काही ताणही निर्माण झाले, ते नोंदविणे आवश्यक आहे. मँचेस्टर कॉलेजात तयार होणाऱ्या धर्मोपदेशकामागे त्याचे वेतन देणारी, त्याला स्वातंत्र्य देणारी आणि त्याचे म्हणणे ऐकण्याची सवय असलेली संघटित मंडळी उभी असत. मुंबई प्रार्थना समाजाजवळ तसे काही नव्हते. प्रतिष्ठित सभासदांना रविवारची विद्वत्तापूर्ण प्रवचने पुरेशी वाटत. पूर्णवेळ प्रचारकाचे अधिकार कोणते, त्याने गिरणगावात आणि महारवाड्यात किती वेळ घालवावा, याविषयी एकमत नव्हते. १९१० मध्ये शिंदे यांचा समाजाच्या प्रचारकपदाशी असलेला संबंध संपला. ज्या वृत्तीसाठी ते परदेशी शिकून आले, तिला धारण करील अशी संस्था स्वदेशी तयार नव्हती, ही या चरित्रातील मोठी खंत आहे. दुसरी अडचण नावाची. मिशन हा शब्दच अनेकांच्या मनात संशय उत्पन्न करी. सनातनी त्यांना बाटगे समजत, आणि काही सुधारकांना त्यांचा धर्मावरील भर अनावश्यक वाटे. तिसरी अडचण अधिक खोल होती. अस्पृश्य समाजात स्वतःचे नेतृत्व उभे राहू लागले, तेव्हा स्पृश्यांनी चालविलेल्या संस्थेतील करुणा त्याला अपुरी वाटणे स्वाभाविक होते. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कामातून निवृत्त झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी मंगळूरच्या ब्राह्म समाजाचे आचार्यपद सांभाळले. बालपणी कानावर पडलेली कानडी तेथे उपयोगी आली असेल, असे म्हणावयास हरकत नाही.

७

उत्तरायुष्यात शिंदे यांनी राजकारण, शेतकऱ्यांचे प्रश्न आणि संशोधन या क्षेत्रांत कार्य केले. १९१७च्या कलकत्ता काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले. ऑक्सफर्डमध्ये ग्रंथांतून अभ्यासलेला बौद्ध धर्म तेथे त्यांनी लोकजीवनात पाहिला. त्याचबरोबर त्या देशातही बहिष्कृत मानले जाणारे वर्ग आहेत, याचा शोध घेतला. १९३० मध्ये सविनय कायदेभंगात त्यांना कारावास झाला, आणि येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी आत्मचरित्रपर लेखनास आरंभ केला. माझ्या आठवणी व अनुभव या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. १९३३ मध्ये भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. संस्कृत व पाली ग्रंथ, शब्दांच्या व्युत्पत्ती आणि प्रत्यक्ष प्रवासातील निरीक्षणे यांच्या आधारे एका सामाजिक संस्थेचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे. त्यातील काही अनुमाने पुढील संशोधनाने ग्राह्य ठरतील किंवा ठरणार नाहीत. परंतु त्याची पद्धत ही मँचेस्टर कॉलेजात मिळालेल्या ऐतिहासिक-तौलनिक दृष्टीचे मराठीतील एक परिपक्व फळ आहे. २ जानेवारी १९४४ रोजी पुणे येथे शिंदे यांचे निधन झाले.

शिंदे यांनी एका ख्रिस्ती विद्यालयाची निवड केली, ती त्या विद्यालयाने ख्रिस्ती असण्याची अट घातली नाही म्हणून. विशिष्ट मत स्वीकारण्याची सक्ती नसेल, तर परधर्मीयाच्या विद्यालयातही स्वधर्माच्या सेवेची तयारी होऊ शकते, हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध होते. त्याचबरोबर शिक्षण बाहेरून आणता येते, पण ते पेलणारा समाज बाहेरून आणता येत नाही, हेही त्यांच्या १९१० नंतरच्या वाटचालीवरून दिसते. राममोहन रॉय ते केशवचंद्र सेन या बंगाली परंपरेचा युनिटेरियन विचाराशी असलेला संबंध पुष्कळ अभ्यासला गेला आहे. महाराष्ट्रात मात्र या संबंधाला भक्तिसंप्रदायाची आणि ब्राह्मणेतर जीवनानुभवाची जोड मिळाली, आणि तो ग्रंथालयातून निघून परळच्या शाळेपर्यंत पोहोचला. शिंदे यांची रोजनिशी, सुबोध पत्रिकेतील पत्रे आणि आत्मचरित्र ही साधने या दृष्टीने एकत्र वाचली गेली, तर भारतीय भाषांतील आधुनिक धर्मविषयक गद्याच्या तौलनिक इतिहासात एका मोलाच्या प्रकरणाची भर पडेल.